ब्रेक लागलाच पाहिजे: निष्काम कर्माविषयी थोडेसे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस निष्काम कर्मावर जी चर्चा चालली आहे, ती मी आवडीने वाचत आहे. एका पत्रलेखकाने असा आक्षेप घेतला होता की, फळाची अपेक्षा न ठेवता काम करा हा उपदेश ऐकायला कितीही गोड असला, तरी व्यवहारात त्याचा अर्थ ‘कसेही करा, पुढचे देव बघेल’ असाच होतो. त्यावर आलेल्या उत्तरात, हा उपदेश संसारातून मन काढून घेतलेल्यांसाठी आहे, असे सांगून विषय मिटवण्यात आला. मला दोन्ही पत्रे अपुरी वाटली. ती का अपुरी वाटली हे मला कुठल्या ग्रंथाने शिकवले नाही. दर रविवारी सकाळी मोटारसायकलपाशी उकिडवे बसून जो तास-दीड तास जातो त्यात ते हळूहळू उमगत गेले. मी मेकॅनिक नाही आणि संस्कृतचा पंडितही नाही. दोन्हीकडचे थोडेथोडे कळते, तेवढ्याच भांडवलावर हे पत्र लिहीत आहे.

ब्रेक लागलाच पाहिजे, याबद्दल कुणाचे दुमत नसावे. ब्रेकच्या पॅडवर झिजेची खूण म्हणून जी खाच असते ती दिसेनाशी होत आली की पॅड बदलायचे असतात, आणि ते बदलताना ‘ब्रेक लागो न लागो, मी माझे कर्तव्य केले’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या गाडीवर मागे बसायला मी तयार होणार नाही. मग ‘मा फलेषु कदाचन’ या शब्दांचे करायचे काय? आपल्याकडची बहुतेक चर्चा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ४७व्या श्लोकापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. अठराव्या अध्यायापर्यंत जायला कुणाला सवड नसते. त्या अध्यायातल्या २५व्या श्लोकात तामस कर्माचे लक्षण दिले आहे: ‘अनुबन्धं क्षयं हिंसामनपेक्ष्य च पौरुषम्।’ या कामातून पुढे काय उद्भवेल, त्यात किती नासाडी होईल, कुणाला इजा होईल आणि मुळात ते आपल्याला झेपणारे आहे का, यांतल्या कशाचाच विचार न करता निव्वळ मोहाने जे काम हाती घेतले जाते, ते तामस. फळावर हक्क सांगू नकोस असे ज्या ग्रंथाने म्हटले, त्याच ग्रंथाने परिणामाकडे डोळेझाक करणाऱ्याला सर्वांत खालच्या पायरीवर बसवले आहे. पहिल्या पत्रलेखकाचा आक्षेप एका श्लोकापुरता खरा वाटतो, पण गीतेला तो लागू पडत नाही. फळावर हक्क सांगणे आणि परिणामाची दखल घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या किती वेगळ्या आहेत हे मला एका बोल्टने शिकवले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी पहाटे लांबच्या प्रवासाला निघायचे होते आणि इंजिन ऑइल बदलायचे राहून गेले होते, म्हणून रात्री उशिरा ते काम काढले. जुने ऑइल काढून झाल्यावर इंजिनच्या तळाचा ड्रेन बोल्ट परत बसवताना तो आधी दोन-तीन आटे हाताने फिरवायचा आणि मग पाना लावायचा, हे मला तेव्हाही माहीत होते. पण ऑइल गळता कामा नये, या एकाच धास्तीने मी पहिल्यापासून पाना लावला, बोल्ट घट्ट बसल्यावरही आणखी पाव फेरा दिला, आणि तेवढ्यावर समाधान न होऊन पुन्हा एकदा जोर लावला. त्या वेळी पाना एकाएकी हलका झाला. ज्यांच्या हातून कधी आटे गेले आहेत, त्यांना तो हलकेपणा समजावून सांगायला नको. बोल्ट बाहेर काढला तेव्हा त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत, केसासारखी बारीक तार गुंडाळून आली होती. ते इंजिनच्या आवरणाचे आटे होते. बोल्ट पोलादाचा आणि आवरण अ‍ॅल्युमिनियमचे. जोर प्रमाणाबाहेर गेला की मऊ धातू सोलून निघतो, त्यात बोल्टचा काही दोष नाही.

ऑइल गळू नये ही माझी इच्छा मुळीच चुकीची नव्हती. चूक अशी की, हात बोल्टवर होता आणि मन दुसऱ्या दिवशीच्या रस्त्यावर पडणारे तेलाचे थेंब मोजत होते. बोल्टखालचा वायसर दबत असताना हाताला लागणारा विरोध मऊ असतो आणि तो दबून झाल्यावर लागणारा विरोध दगडासारखा असतो. हा फरक मनगटाला स्पष्ट कळतो, पण मनगटाचे म्हणणे ऐकायला कुणीतरी जागेवर हवे. फळाची चिंता माझ्या हातात उतरली आणि तिने फळच नासवले. आता माझ्याकडे टॉर्क रेंच आहे. ठरवून दिलेल्या जोराला पोहोचला की तो ‘कट्’ असा आवाज करून थांबायला सांगतो. थांबायचे की नाही, हे मात्र तो ठरवू शकत नाही.

त्या रात्री पुढे जे घडले ते दुसऱ्या अध्यायातल्या ६२ आणि ६३ या श्लोकांचे प्रात्यक्षिकच होते. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश. रागाच्या भरात थोडा जाड बोल्ट शोधून तो जबरदस्तीने ठोकून बसवावा असे माझ्या मनात आले, म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत मजल गेली होती. तसा बोल्ट घरात सापडला नाही म्हणून इंजिन वाचले. मला विशेष नवल वाटले ते तिसऱ्या पायरीचे. स्मृतिभ्रंश हा शब्द तोवर मी फार उंच, आध्यात्मिक अर्थाने घेत असे. त्या रात्री कळले की त्याचा पहिला अर्थ अगदी साधा आहे: पाचच मिनिटांपूर्वी काढलेला वायसर आपण कुठे ठेवला हे रागावलेल्या माणसाला आठवत नाही. तो मी हातात विजेरी घेऊन अर्धा तास शोधत होतो, आणि अखेर तो माझ्याच चपलेखाली निघाला.

तेव्हापासून मी जमिनीवर जुने वर्तमानपत्र अंथरतो (संपादक महाराज, आपल्या अंकाचा हाही एक उपयोग आहे, राग नसावा) आणि काढलेला प्रत्येक नट, बोल्ट, वायसर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडतो. बसवताना उजवीकडून डावीकडे येतो. कागदावर शेवटी काही उरले तर सगळे पुन्हा खोलायचे, असा नियम केला आहे. एकदा मागच्या चाकाचे काम संपवून उठताना एक वायसर उरलेला दिसला. तो जास्तीचाच असेल, मागच्या वेळचा जुना असेल, तो नसला तरी काही अडत नसेल, अशी एकाहून एक सरस कारणे मनाने त्या दोन मिनिटांत माझ्यापुढे ठेवली. चाक पुन्हा काढायला पाऊण तास गेला. मनाची वकिली एवढ्या जवळून ऐकायची संधी मला तरी दुसऱ्या कुठल्या साधनेत मिळालेली नाही.

सोडायचे ते हे. ब्रेक लागण्याची फिकीर सोडायची नाही; सोडायची ती घाई, ‘झाले एकदाचे’ ही भावना आणि काम जमले की येणारा ‘मी केले’ हा तोरा. अठराव्या अध्यायातला सात्त्विक कर्ता ‘मुक्तसङ्गोऽनहंवादी’, म्हणजे आसक्ती सोडलेला आणि ‘मी केले’ न म्हणणारा, आहे, आणि त्याच ओळीत तो ‘धृत्युत्साहसमन्वितः’ही आहे, त्याच्यापाशी चिकाटी आणि उत्साह दोन्ही आहेत, त्याला काम साधले काय नि फसले काय सारखेच निर्विकार राहता येते, पण म्हणून तो काम ढिलेपणाने करत नाही. याच अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: ते जिथे घडते ते अधिष्ठान, करणारा, त्याची निरनिराळी साधने, त्याच्या वेगवेगळ्या हालचाली आणि पाचवे दैव. जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला काही दिसत नाही, असे त्यापुढे स्पष्ट म्हटले आहे. दुरुस्ती जमल्यावर हे पाचही मोजून पाहिले की आपला वाटा किती लहान आहे ते कळते. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. रस्त्यात टायरमध्ये घुसलेला खिळा दैवात मोडतो. टायरमधली हवा न तपासता निघणे दैवात मोडत नाही.

‘योगः कर्मसु कौशलम्’ हे वचन आजकाल कुठल्याही कार्यालयाच्या भिंतीवर दिसते, आणि तिथे त्याचा अर्थ ‘काम सफाईने करणे म्हणजे योग’ असा घेतला जातो. हे वचन दुसऱ्या अध्यायातल्या ५०व्या श्लोकातले. त्याच्या दोनच श्लोक आधी ‘समत्वं योग उच्यते’ आले आहे. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात हे कौशल्य म्हणजे यशापयशाविषयीची समत्वबुद्धीच, असे सांगितले आहे. नुसती सफाई तर चोराकडेही असते. समत्व हा शब्द हवेत राहू नये म्हणून मी तो चेनवर घासून पाहतो.

चेन ढिली झाली की घट्ट करायची, एवढेच बहुतेकांना माहीत असते, आणि घट्ट म्हणजे चांगली असे मीही पुष्कळ दिवस समजत होतो. प्रत्यक्षात चेनच्या खालच्या भागाच्या मध्यावर बोटाने वर-खाली ढकलून पाहिले तर तिला काही एक खेळ असावा लागतो. नेहमीच्या वापराच्या पुष्कळ गाड्यांत तो २० ते ३० मिलिमीटर असतो, आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. चेन फार ढिली असेल तर ती उडते, दात्यांवरून सरकते, वेळप्रसंगी निसटून चाक अडकवते. फार घट्ट असेल तर त्याहून वाईट, कारण ते दिसत नाही: आपण गाडीवर बसलो, खड्ड्यात मागचे चाक वर उचलले गेले, की दोन दातेरी चक्रांमधले अंतर वाढून चेन आणखी ताणली जाते आणि तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या दांड्याच्या बेअरिंगवर येतो. शिवाय चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. म्हणून चाक थोडे थोडे फिरवत चार-पाच ठिकाणी खेळ मोजायचा आणि जिथे ती सर्वांत ताठ लागेल तिथला आकडा खरा धरायचा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून, चाकाचा मुख्य नट आवळून झाल्यावर खेळ पुन्हा मोजायचा, कारण आवळताना तो किंचित बदलतो. हे शेवटचे मोजणे जवळपास सगळे जण गाळतात. सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही असे सांगून मग ‘युक्त’ हा शब्द आला आहे. युक्त म्हणजे दोन टोकांच्या बरोबर मधला ठरीव बिंदू, असे मला आधी वाटे. चेन सांगते की तसा बिंदू नसतो, एक पट्टा असतो, आणि तो ओझ्याबरोबर, झिजेबरोबर सरकत राहतो. तो प्रत्येक वेळी मोजूनच शोधावा लागतो.

आता दर्शनांपैकी ज्याची आठवण फारशी कुणी काढत नाही, त्या न्यायदर्शनाविषयी. योग आणि वेदान्त यांना आपल्या पुरवण्यांत भरपूर जागा मिळते, पण गाडीपाशी बसल्यावर सर्वांत जास्त कामी येते ते गौतमांचे न्यायशास्त्र, म्हणजे आपले तर्कशास्त्र. ‘पर्वतो वह्निमान् धूमात्’, डोंगरावर अग्नी आहे कारण धूर दिसतो, हे अनुमानाचे जुने उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. सायलेन्सरमधून येणारा धूर पाहून नेमके हेच करायचे असते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे, बहुधा पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिले गेली आहेत. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे. थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर पांढरे काही निघते आणि माणसे घाबरतात. पेट्रोल जळताना पाणीही तयार होते आणि थंड सायलेन्सरमध्ये त्याची वाफ दिसू लागते. सायलेन्सर तापला की ती नाहीशी होते. वाफेला धूर समजून अग्नीचे अनुमान करणे, हे आपल्या जुन्या तार्किकांनी चुकीच्या हेतूचे, म्हणजे अनुमानासाठी दिलेल्या चुकीच्या कारणाचे, उदाहरण म्हणून देऊन ठेवलेले आहे. त्यांच्यापुढे मोटारसायकल नव्हती, पण घाईने निष्कर्ष काढणारा माणूस होताच.

त्यांची आणखी एक बारीक सूचना आहे. धूर असेल तिथे अग्नी असतोच, पण अग्नी असेल तिथे धूर असेलच असे नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो, कारण धुरासाठी ओले सरपण लागते. या ओल्या सरपणासारख्या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. इंजिन बिघडले की खडखड होते हे खरे. म्हणून खडखड झाली की इंजिनच बिघडले असे होत नाही. माझ्या गाडीत ठरावीक वेगाला येणारी खडखड ऐकून मी दोन आठवडे टॅपेटवर, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या भागावर, संशय घेत होतो. टॅपेटची फट थंड इंजिनात फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजतात; लहान इंजिनांत ती ०.०८ मिलिमीटर इतकी सूक्ष्म असू शकते, आणि गेजची पट्टी त्या फटीतून सुळकन न जाता किंचित अडखळत गेली पाहिजे. मोजली, तर ती बरोबर होती. खडखड नंबरप्लेटची होती; तिचा एक स्क्रू पडला होता.

प्रत्यक्षाने किंवा अनुमानाने कळत नाही असेही काही असते, आणि तिथे न्यायशास्त्र शब्दप्रमाण मानते: ‘आप्तोपदेशः शब्दः’, आप्ताचे, म्हणजे विश्वासार्ह माणसाचे, सांगणे हे शब्दप्रमाण. डिस्क ब्रेकमधले ब्रेक ऑइल हे त्याचे उत्तम उदाहरण. ते हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या त्याच ऑइलची प्रमाणित मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की ते उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हाताला मऊ लागून थेट मुठीला टेकते. रोजच्या वापरात याचा काहीही सुगावा लागत नाही. ब्रेक अगदी ठीक लागत असतात. म्हणून साधारणपणे दर २ वर्षांनी ते बदला असे पुस्तिका सांगते, आणि आपल्याला काही दिसत नसतानाही ते ऐकायचे असते. आप्त कोण, याचे न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी केलेले वर्णन असे: ज्याने ती गोष्ट स्वतः प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी पाहिली तशीच ती दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे. भ्रमणध्वनीवर गाडी दुरुस्तीची चित्रफीत पाहताना मी या दोन्ही कसोट्या लावतो. पहिली पुष्कळांना लागू पडते. दुसरीपाशी गर्दी विरळ होते.

देखभालीत शिस्त कशाला म्हणावे याचे उत्तर पतंजलींनी एका सूत्रात देऊन ठेवले आहे. अभ्यास दृढ कधी होतो? दीर्घकाळ, खंड न पडता आणि सत्कारपूर्वक, म्हणजे आदराने केला तर. यातली तिसरी अट मला सर्वांत अवघड वाटते. दीर्घकाळ आणि अखंडपणे तर माणूस कुरकुरतही काम करू शकतो. मी एक वही ठेवली आहे. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, काय केले आणि काय दिसले, एवढेच तिच्यात लिहितो. चेन दर ५०० किलोमीटरांच्या आसपास पुसून तिला वंगण दिले, टायरची हवा गाडी थंड असताना मोजली, असल्या नोंदी वाचायला अत्यंत नीरस असतात. पण एका पानावर ‘क्लच केबलची एक तार लिव्हरपाशी तुटलेली दिसते’ अशी नोंद आहे, आणि त्याखाली दोन दिवसांनी ‘केबल बदलली’ असे आहे. जुनी केबल मी ठेवून दिली आहे. तिच्या टोकाच्या शिशाच्या गोळीपाशी तारा फुलाच्या केसरांसारख्या पसरल्या आहेत. बारीकशा एकोणीस तारांपैकी पाच तुटलेल्या आहेत. बाहेरून, काळ्या आवरणावरून हात फिरवला तर ती आजही धडधाकट वाटते.

या दोन दिवसांच्या विलंबाचा मला अजून संकोच वाटतो. तामस कर्त्याच्या लक्षणांची गीतेतली यादी मोठी आहे आणि तिच्या शेवटी ‘दीर्घसूत्री’ हा शब्द आला आहे: आजचे उद्यावर टाकणारा. आळशी हा शब्द त्याच यादीत आधी येऊन गेलेला असताना हा वेगळा शब्द का दिला असावा, याचा मी केबल बदलताना विचार करत होतो. आळशी माणूस काम करायचे नाही असे ठरवतो. दीर्घसूत्री माणूस ते नक्की करणार असतो.

शौचाविषयी, म्हणजे योगातल्या शुचितेविषयी, थोडक्यात. गाडी चमकावणे म्हणजे शौच नव्हे. फडक्याने स्वतः पुसताना हात जिथे जिथे जातो तिथले काही ना काही कळते: ढिला झालेला बोल्ट, इंजिनच्या जोडावर आलेला ऑइलचा ओलावा, टायरच्या कडेची चीर. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने गाडी पाच मिनिटांत लखलखीत होते, यांतले काही दिसत नाही, आणि चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरते ते वेगळेच.

एका गोष्टीची मला चीड आहे. तत्त्वज्ञानावर व्याख्याने देणारी आणि ऐकणारी आपली मंडळी हात काळे करणाऱ्या कामाकडे खालच्या नजरेने पाहतात, आणि वर त्यालाच आपली परंपरा समजतात. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले २०वे सूक्त ऋभूंचे आहे. ऋभू, विभ्वन् आणि वाज हे तिघे भाऊ. ते कारागीर होते आणि आपल्या कारागिरीच्या बळावर त्यांनी देवत्व मिळवले. या सूक्तात त्यांनी अश्विनीकुमारांसाठी रथ घडवल्याचे सांगितले आहे, आणि त्या रथाला विशेषण आहे ‘सुखं रथम्’. ‘ख’ म्हणजे छिद्र, इथे चाकातले आस बसण्याचे छिद्र. ते नीट कोरलेले असल्यामुळे जो विनासायास चालतो तो सुख, अशी या शब्दाची एक व्युत्पत्ती अभ्यासक देतात. गाडी मुख्य स्टँडवर घेऊन, चाक दोन्ही हातांनी वर आणि खाली धरून आलटून-पालटून हलवले आणि आत बारीकशी ‘टक्’ जाणवली, तर बेअरिंग गेले असे समजायचे. हे करताना मला दर वेळी तो शब्द आठवतो. आपण ज्याला सुख म्हणतो त्याचा पहिला अर्थ कुठल्यातरी सुताराच्या हाताखाली, आसाभोवतीच्या जागेत होता, हे कळल्यावर व्याख्यानातला तुच्छतेचा सूर मला सहन होत नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ‘स्वकर्मकुसुमांची’ पूजा सांगितली आहे. गाडीला हार घालण्याला माझा विरोध नाही, पण ती फुले वेगळी आणि ही वेगळी.

याचा अर्थ प्रत्येकाने इंजिन खोलून बसावे असा मुळीच नाही. वर दिलेल्या श्लोकातला ‘पौरुष’ हा शब्द विसरून चालणार नाही. आपल्या आवाक्याबाहेरच्या कामात हात घालणे हेही तामसच. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), इंधनाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, इंजिनच्या आतले काम हे मी कुशल मेकॅनिककडे सोपवतो आणि त्याच्या शेजारी उभा राहून पाहतो, तेही त्याची हरकत नसेल तर. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडके लावणारे लोक मी पाहिले आहेत. चेन आणि दाते यांच्यामध्ये बोट सापडले तर ते उरत नाही. काढलेले काळे ऑइल गटारात किंवा मातीत ओतणारेही पाहिले आहेत. ‘हिंसा’ या शब्दाचा अर्थ लावायला इथे भाष्यकाराची गरज पडू नये. ते डब्यात भरून, वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या वर्कशॉपमध्ये नेऊन द्यावे.

ज्या पत्रलेखकाने निष्काम कर्म म्हणजे बेफिकिरी असे म्हटले, त्यांच्याशी मी एका बाबतीत सहमत आहे: आपल्याकडे त्या नावाखाली पुष्कळ बेफिकिरी खपवली जाते. आणि ज्यांनी हा उपदेश विरक्तांसाठी राखून ठेवला, त्यांना एवढेच विचारायचे आहे की, अर्जुन विरक्त होऊन निघाला असतानाच तो त्याला सांगितला गेला आणि रथ पुन्हा पुढे हाकला गेला, याचा ते काय अर्थ लावतात.

माझ्या इंजिनच्या तळाशी आता ड्रेन बोल्टसाठी पोलादी तारेची आटेदार गुंडाळी बसवली आहे. एका वयस्क मेकॅनिकने ती बसवून दिली, एक अक्षरही न बोलता. दर वेळी ऑइल बदलताना मी पाना लांब ठेवतो, बोल्ट आधी उलटा फिरवून आटा जिथे बसल्याचे बोटांना कळते ती जागा शोधतो आणि मग पहिले तीन आटे हातानेच फिरवतो. तिसऱ्या आट्यापर्यंत अजूनही एकदा तरी पान्याकडे हात जातो.

आपला,
एक नियमित वाचक